डावीकडचं पान

त्यांना सगळे हुबेहूबकाका म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. खुर्चीच्या पाठीवरची तुटलेली वेल असो नाहीतर आरशाच्या चौकटीचा उडालेला कोपरा, काकांनी जोडल्यावर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ओळखून दाखवा, असं ते गिऱ्हाइकाला खुशाल आव्हान द्यायचे. गिऱ्हाईक हरलं की स्वारी दिवसभर खूश. अर्धं आयुष्य फर्निचरच्या कारखान्यात नक्षी कोरण्यात गेलं होतं. तिथे यंत्रं आली तेव्हा त्यांनी आपल्या पटाश्या पिशवीत भरल्या आणि घरातल्याच जिन्याखालच्या खोलीत दुकान थाटलं. काम बेताचंच यायचं, पण आलं की सांगितल्यापेक्षा जास्त करून ठेवायची त्यांना खोड होती. काकू म्हणायच्या, "यांना बटण लावायला शर्ट द्यावा, तर कॉलर उसवून बसतील."

ही खोड त्यांना एका कुकू घड्याळापाशी चांगलीच भोवली.

घड्याळ घेऊन आल्या होत्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई. उतरत्या छपराच्या घरासारखं लाकडी घड्याळ होतं ते. तास भरला की वरची खिडकी उघडून इवलासा पक्षी ओरडायचा. भोवती कोरलेल्या पानांची महिरप आणि शेंड्यावर पंख पसरलेला एक मोठा पक्षी. घड्याळ भिंतीवरून पडलं आणि या मोठ्या पक्ष्याचा पंख तुटला.

"एवढा पंख बसवून द्या काका," बाई म्हणाल्या. "आईची नजर गेलीय, पण साखळी ओढून घड्याळ चालू ठेवायचं काम अजून तिचंच. ते भिंतीवरून उतरल्यापासून तिला घर खायला उठतंय."

काकांनी पंख झकास बसवला. तेवढ्यावर थांबायचं ना! पण डावीकडचं सगळ्यात खालचं पान त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. जाडं, वाकडं, शिरा काढताना सुरी घसरलेली. उजवीकडच्या पानाशी त्याचं काही म्हणता काही जुळत नव्हतं. काकांचे हात शिवशिवले. गरम फडकं धरून त्यांनी ते सोडवलं, नवं पान कोरलं, रंग जुळवून बसवलं. जुनं पान गेलं शेगडीत, सरस गरम करायला लागणाऱ्या ढलप्यांबरोबर. काढलेला तुकडा ते कधी ठेवत नसत. ठेवला की आळशी हात पुन्हा तोच लावायला बघतो, असं त्यांचं म्हणणं.

बाई घ्यायला आल्या. पंख बघून त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांचं बोट सवयीनं खाली डावीकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"काका, इथलं पान?"

"बदललं! कुणा अडाण्यानं भाजीच्या सुरीनं केलं होतं हो."

"माझ्या बाबांनी," बाई हळूच म्हणाल्या. "भाजीच्याच सुरीनं. लहानपणी मी चेंडू मारून मूळचं पान मोडलं होतं. साखळी ओढली की आई त्या पानावर अंगठा फिरवते. बाबा गेल्यापासून एक दिवस चुकला नाही. कुठंय ते?"

काकांनी शेगडीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. त्या रडल्या नाहीत, याचंच काकांना जास्त वाईट वाटलं.

"दोन दिवस द्या," ते म्हणाले. "तसंच करून देतो."

पण तसंच होईना. वाकडं करायला जावं तर वाकडेपणातही डौल यायचा. सुरी मुद्दाम घसरवावी तर ती शहाण्यासारखी शिरेच्या टोकाशीच जाऊन थांबायची. एकामागून एक पानं झाली आणि सगळी देखणी. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "जन्मभर हाताला चुकू नको म्हणून दटावलंत. आता चूक म्हटल्यावर तो ऐकणार होय?" काकांनी पटाशी खाली ठेवली. त्यांना खरोखरच भीती वाटली होती. त्या म्हाताऱ्या बाईच्या अंगठ्याखाली आता काय ठेवायचं?

बाई आल्यावर त्यांनी सरळच सांगितलं, "ताई, मला नाही जमत. तुम्ही करा."

"मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर."

बाईंनी भाजीची सुरी मागितली. काकूंनी आतून आणून दिली. बाईंची पकड चुकीची, जोर चुकीचा, लाकूड भलतीकडे तोंड करून धरलेलं. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तोंडातून शब्द काढला नाही. उभ्या आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. एकदा सुरी बोटाला लागली. चिंधी बांधून बाई पुन्हा बसल्या. झालेलं पान काकांनी निमूटपणे रंगवलं, चिकटवलं आणि घड्याळ टांगायला स्वतः सोबत गेले.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत वाटच बघत होत्या. घड्याळ भिंतीवर चढलं, त्यांनी साखळी ओढली आणि अंगठा डावीकडे नेला. एकदा फिरवला, परत फिरवला.

"हे त्यांचं नाही," त्या म्हणाल्या.

काका पुढे झाले. "मावशी, चूक माझी. मला ते वाईट दिसलं, मी काढलं आणि जाळलं. हे तुमच्या लेकीनं केलंय."

आईंचा अंगठा पानावरच राहिला. डोळे पाणावले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग मोडक्या शिरेवरून अंगठा नेता नेता त्यांना हसू आलं. "अगं, त्यांचं इतकं वाईट नव्हतं गं."

बाईही हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. आईंनी चाचपडत त्यांचा हात धरला. बोटाची चिंधी हाताला लागली तशी त्या एकदम थांबल्या, चिंधीवरून हलकेच हात फिरवत राहिल्या. मग काका उभे होते त्या दिशेला तोंड करून म्हणाल्या,

"हे मात्र आता कुणी सुधारायचं नाही."