पजूसणापर्यंतची पाखरं

ती पाखरं मी हौसेनं आणली नव्हती. जळगावच्या कचेरीत माझं दोन महिन्यांचं ट्रेनिंग चाललं होतं, त्याच सुमारास तिथल्या साहेबांची कोकणात बदली झाली आणि त्यांच्या बंगल्यावरचं जास्तीचं सामान वाटलं जाऊ लागलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला कुंड्या मिळाल्या. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी पोचलो आणि माझ्या वाट्याला पिंजरा आला. नको म्हणायची छाती नव्हती. सत्तर-एकाहत्तर साल असेल, मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि साहेब देतील ते दोन्ही हातांनी घ्यायचं एवढीच अक्कल मला होती.

पिंजऱ्यात एक जोडी होती. आपल्या चिमणीच्या निम्म्यानं असतील. दोघांच्याही चोची शेंदरी. मादी नुसती करडी, पण नराचा थाट बघण्यासारखा होता. गालावर नारिंगी ठिपका, गळ्याखाली बारीक काळे पट्टे आणि कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके, एकेक मोजून काढल्यासारखे. साहेब त्यांना फिंच म्हणत. त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. खायला राळा द्यायचा, पाणी रोज बदलायचं आणि ह्यांना कधीही बाहेर सोडायचं नाही. ही मूळची ऑस्ट्रेलियातली जात, आणि ह्यांचे आईबाप, आजेपणजे सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले. बाहेर सुटली तर एक दिवस काढणार नाहीत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

चाळीसगावला गाडी बदलून, पिंजरा मांडीवर घेऊन मी धुळ्याला आलो. वाटेत डब्यातल्या प्रत्येकानं ही कुठली चिमणी म्हणून विचारलं आणि प्रत्येकाला मी ऑस्ट्रेलियाची म्हणून सांगितलं. एका म्हाताऱ्यानं तर माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी स्वतःच जाऊन ती धरून आणली होती. तो रुबाब धुळ्याच्या स्टेशनापर्यंत टिकला. पाचव्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला आठवलं, की मी भाड्यानं राहतो ते घर कुणाचं आहे.

घर धान्याच्या एका मारवाडी व्यापाऱ्याचं होतं. जैन माणसं. खाली ते राहत, वर गॅलरीला लागून माझी खोली. पण घराचा कारभार त्या व्यापाऱ्याच्या आईच्या हातात होता. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, ताठ चालणारी बाई. सगळे त्यांना बाईजी म्हणत, म्हणून मीही म्हणे. खोली देताना त्यांनी कांदा, लसूण आणि अंडं ह्यांबद्दल मला स्पष्ट सांगितलं होतं. पाखरांबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण असा दिवस येईल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. दर वर्षी पजूसणात, म्हणजे त्यांच्या पर्युषणाच्या आठ दिवसांत, त्या पाखरं धरणाऱ्यांकडून पाखरं विकत घेऊन आपल्या हातानं सोडून देत. त्या घरात मी पिंजरा घेऊन शिरलो.

बाईजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचं माहेर पिंपळनेरचं. बापाच्या दुकानात आठवडे बाजाराच्या दिवशी बसून बसून त्यांची अहिराणी अशी पक्की झाली होती, की मी साक्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा असून त्यांच्यापुढे फिका पडे. मी कचेरीत लागल्यापासून पुस्तकी मराठी झाडू लागलो होतो आणि त्यावरून त्या मला चिडवत. त्या दिवशी चिडवलं नाही. पिंजऱ्याकडे बघत राहिल्या आणि जीव कोंडून ठेवणं ह्या घरात चालत नाही, एवढंच म्हणाल्या.

ही खोली मिळायच्या आधी मी तीन महिने एका लॉजवर ढेकणांच्या सोबतीनं काढले होते. पुन्हा तिकडे जायचं नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, बाईजी, साहेबांनी गळ्यात मारली आहेत, पजूसणापर्यंत ठेवतो, मग तुम्ही सोडता त्यांच्याबरोबर हीही सोडून देऊ. त्या लगेच राजी झाल्या. पिंजरा हे पाप मानणाऱ्या माणसाला, पिंजरा हेच ह्यांचं घर आहे, हे कसं समजवायचं ते मला सुचलं नाही. पजूसणाला पाच महिने होते. पुढचं पुढे बघू, असं मी ठरवलं, आणि अशा ठरवण्यात मी आजही पटाईत आहे.

पाखरं पाळणं म्हणजे दाणा टाकणं आणि पाणी ठेवणं, असा माझा समज होता. वाटी भरून राळा ठेवला आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वाटी भरलेली. तिसऱ्या दिवशीही भरलेली. किती कमी खातात बिचारी, म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटलं. चौथ्या दिवशी नर पिसं फुगवून कोपऱ्यात बसला. त्याचा आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा होता, दिवसभर चाले, तो बंद पडला. मादी वाटीत चोच घाली, चाळवी आणि परत दांडीवर जाऊन बसे. हवा मानवली नसेल असं वाटून मी पिंजरा गॅलरीत ठेवला.

आवाज बंद झाला हे खाली बाईजींच्या लक्षात आलं. इतके दिवस त्या पिंजऱ्याकडे बघायचंही टाळत होत्या. जिना चढून वर आल्या, वाटी बाहेर काढायला लावली आणि तिच्यावर एक फुंकर घातली. वाटीतलं सगळं गॅलरीभर उडालं. तळाशी एक दाणा नव्हता.

“भाऊ, वाटी भरेल दिखस,” त्या म्हणाल्या, “पन बठ्ठी फोलपटं शेतस. पाखरं उपाशी मरी राह्यनात.”

ही पाखरं दाणा चोचीत सोलतात, गर खातात आणि टरफल तिथंच टाकतात. माझा जन्म खळ्यावर गेलेला. वारा बघून धान्य उपणायला मी लहानपणापासून उभा राहिलो होतो. दाणा आणि फोल ह्यांतला फरक मला एका मारवाड्याच्या आईनं दाखवावा, ह्याची इतकी लाज वाटली, की मी दोन दिवस त्यांच्यासमोर गेलो नाही. त्या मात्र रोज सकाळी आपल्या दुकानातला मूठभर राळा पाखडून वर पाठवू लागल्या, आणि चार-आठ दिवसांत स्वतःच घेऊन येऊ लागल्या.

मग त्या बसूही लागल्या. मी कचेरीतून येई तेव्हा गॅलरीत सतरंजीवर बाईजी, समोर पिंजरा. पाखरं पाळणारा मी, पण त्यांच्याबद्दल जे काही मला कळलं ते सगळं बाईजींच्या डोळ्यांनी. पाणी पिताना ही पाखरं कोंबडीसारखी मान वर करत नाहीत, चोच बुडवून पारव्यासारखी एका दमात ओढून घेतात, हे त्यांनी दाखवलं. नर गाणं म्हणायच्या आधी दांडीला चोच पुसतो, हेही त्यांनीच. मे महिन्यात धुळं तव्यासारखं तापलं, तेव्हा पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि उथळ बशीत अंघोळीला पाणी ठेवायचं त्यांनाच सुचलं. ती दोघं बशीत उतरून असं काही पाणी उडवत, की बाईजींच्या लुगड्यावर शिंतोडे येत आणि त्या ते पुसतही नसत.

त्यांना सगळ्यांत जास्त भावलं ते वेगळंच. सूर्य कलला की दोघंही वाटीपासून दूर होत, दांडीवर एकमेकांना चिकटून बसत आणि मग समोर कितीही दाणा टाका, शिवत नसत. बाईजी स्वतः दिवस मावळल्यावर अन्नपाणी घेत नसत. त्यांच्या घरातल्या तरुण मंडळींचं मात्र त्या बाबतीत बरंच सैल झालं होतं. त्या सुनांना हाका मारून वर बोलवत आणि बघा, ह्यांना कुणी शिकवलं, असं म्हणत. सुना पदरात हसत. मला हसू येत नसे. त्या बाईचं ते बघणं इतकं मनापासूनचं होतं, की मलाच माझ्या पाखरांचा नव्यानं अभिमान वाटे.

जितका त्यांना लळा लागला, तितकं मला खरं सांगणं अवघड होऊन बसलं. आषाढात एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, “इतला ल्हानसा जीव, भाईर काय खातीन ह्या?” ह्याहून सरळ वाट मला कुणी करून देणार नव्हतं. तोंडाशी आलं होतं. पण आता सांगितलं तर इतके महिने खोटं बोललो हेही सांगावं लागणार होतं. शिकतील हळूहळू, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

पजूसण लागलं. बाईजींनी आठ दिवसांचा उपास धरला. दिवसा उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत, बाकी काही नाही. त्या वयात हे झेपेल का म्हणून घरचे काळजीत होते. त्या मात्र रोज सकाळी कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, राळ्याची वाटी घेऊन वर येत. पोटात अन्नाचा कण नसलेली बाई पाखरांचा दाणा फुंकून फुंकून साफ करते आहे, हे मी खोलीतून बघत असे. माझ्या आयुष्यात मी देवळात जितका नमस्कार केला नसेल, तितका त्या दिवसांत मनातल्या मनात त्यांना केला. आणि तरी तोंड उघडलं नाही. सोडायचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. विसरल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सातव्या दिवशी गणपती होते. मी दोन दिवस गावी गेलो. जाताना पाखरांना दाणापाणी करा म्हणून खोलीची किल्ली बाईजींना दिली.

आठव्या दिवशी सकाळी परत आलो तेव्हा बाईजी गॅलरीत पिंजऱ्यापाशी बसल्या होत्या. पिंजऱ्यात मादी एकटी होती. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं आणि जे झालं ते काही न लपवता सांगितलं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली, त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला होता, की मोहामुळे मला सोडवत नाही, म्हणून मी मुद्दाम घराबाहेर गेलो.

“तुना हात नही उठना म्हनीसन मीच सोडी दिनात,” त्या म्हणाल्या. “पुन्य तुना नावनं.”

आदल्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या नावानं पिंजऱ्याचं दार उघडलं. पाखरं बाहेरच येईनात, म्हणून त्यांनी पिंजऱ्याला हात लावून हलवलं. मग दोघं उडून समोरच्या तारेवर जाऊन बसली. तिथून कुठं जायचं ते त्यांना कळेना. थोड्या वेळानं कावळा आला. चिमण्या भुर्रकन उडाल्या, पण ह्या नराला कावळा म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. तो बसून राहिला. बाईजींच्या डोळ्यांदेखत कावळ्यानं त्याला उचललं. मादी कुठंतरी दिसेनाशी झाली. मग ती बाई सहा दिवसांच्या उपाशी पोटी, भर उन्हात, उघडा पिंजरा कठड्यावर धरून दिवसभर उभी राहिली. दिवस मावळताना मादी परत आली आणि आपली आपण आत शिरली. आयुष्यभर पाखरं सोडत आलेल्या त्या हातांनी पिंजऱ्याची कडी लावली.

मी ऐकून घेतलं. जाऊ द्या, बाईजी, एवढंच म्हणालो. तेव्हाही एवढंच म्हणालो.

तो संवत्सरीचा दिवस, पजूसणाचा शेवटचा. संध्याकाळी त्यांची मंडळी एकमेकांना भेटून वर्षभरातल्या अपराधांची माफी मागतात. खाली माणसांची ये-जा चालू होती. दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. बाईजी वर आल्या, धापा टाकत. माझ्याकडे न बघता त्या आधी पिंजऱ्यासमोर गेल्या. दोन्ही हात जोडले, डोकं वाकवलं आणि त्या करड्या, मुठीएवढ्याही नसलेल्या पाखराला म्हणाल्या, मिच्छामि दुक्कडम्. मग तसेच जोडलेले हात घेऊन माझ्याकडे वळल्या.

“मिच्छामि दुक्कडम्, भाऊ. माले माहीत नव्हतं.”

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी त्यांचे हात धरले आणि सांगून टाकलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाहेर ही जगत नाहीत हे मला माहीत होतं, आषाढात तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं, खोली जाईल म्हणून बोललो नाही. मी रडत होतो की काय, मला आठवत नाही. त्यांनी हात सोडवून घेतले. मला वाटलं, आता खोली खाली कर म्हणतील. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“माले काय सांगस, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तिले सांग.”

मादी दांडीवर बसून थांबून थांबून नराला हाक मारत होती. मी पिंजऱ्यासमोर उभा राहिलो. हात जोडले. एवढ्याशा पाखराची माफी मागायला मला किती वेळ लागला, ते सांगता येणार नाही. बाईजी खाली गेल्या नाहीत. आठ दिवसांच्या उपाशी पायांवर, दाराची चौकट धरून, मी म्हणेपर्यंत त्या उभ्या होत्या.