धाकूच्या फोटूतली होडी

धाकू माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच लिहून ठेवतो, कारण हल्ली आमच्या ठाण्याच्या कोपरीत जो तो त्याला आपला भाचा, आपला जावई, आपला दोस्त सांगत फिरतो. भाऊ तो माझा, दामाजीचा. मीच त्याला खांद्यावर बसवून पहिल्यांदा खाडी दाखवलेली. माझी शाळा चौथीपर्यंत, त्याची दहावीपर्यंत. पण त्याची नजर आहे ना, ती माझ्या खांद्यावर बसून झालेली, ह्यात वाद नको.

आम्ही कोळी. मी होडी घेऊन कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या काढणारा. धाकू नौपाड्यातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला. दिवसभर पासपोर्टचे फोटो. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हलू नका. घरी जेवताना पण मला म्हणायचा, "दादूस, हनुवटी खाली." आणि सुट्टी मिळाली की मालकाचा कॅमेरा गळ्यात घालून खाडीवर पळायचा.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची, माघातली. डोंबिवलीला पंढरीशेठचा छापखाना होता. त्यांचं कॅलेंडर ठाण्यापासून मोहन्यापर्यंत घराघरात. त्यावर दरवर्षी फॉरेनचं जंगल, लाल-पिवळी झाडं, खाली पानांचा सडा. धाकू एकदा स्टुडिओचं काम पोचवायला गेला आणि तोंडावर बोलून आला, "शेठ, ही पानगळ आमच्या दारात होते."

शेठ हसला. म्हणाला, "सोमवारी चित्रांचा आल्बम व्यापाऱ्यांना दाखवायला निघतो. त्याआधी आणून दाखव. आवडलं तर दरवर्षीचं चित्र तुझं. नाहीतर पुन्हा माझा वेळ खाऊ नकोस."

म्हणजे बघा, एका बाजूला दरवर्षीचं कॅलेंडर आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर हनुवटी खाली.

आता धाकू खोटं बोललेला नव्हता. आमच्या दारात, अगदी खाडीच्या काठाला, देशी बदामाचं झाड आहे. माघात त्याची पानं अशी लाल होतात, की झाडाला ताप आलाय असं वाटतं. सकाळी पारसिकच्या डोंगरामागून सूर्य वर आला की ऊन पानांच्या आरपार येतं आणि सगळं झाड पेटल्यासारखं दिसतं. फॉरेनवाल्यांनी येऊन बघावं.

पण फोटू काही जमेना. धाकू काढायचा, धुवून आणायचा, बघायचा आणि तोंड पाडायचा. मी म्हणायचो, मस्त आहे की, किती रंग आहेत. तो म्हणायचा, "रंग आहेत, पण डोळ्याला बसायला जागा नाही." मागे कुणाचं निळं प्लास्टिक, बाजूला वाळत घातलेली पिवळी चादर, सगळे रंग एकदम ओरडणारे. मी त्याला सांगितलं, "अरे, होडीत सगळी माणसं एका बाजूला बसली की होडी कलते. तसा तुझा फोटू कलतोय."

तो म्हणाला, "दादूस, बरोबर. दुसऱ्या बाजूला काहीतरी शांत पाहिजे. तुझी होडी झाडाजवळ लावून ठेव."

बघा, आयडिया कुणाची.

माझी होडी तेव्हा डांबर लावलेली, काळी. शनिवारी मी विचार केला, आपली होडी घराघरात लागणार, लोकांच्या देवाशेजारी लागणार, आणि ती काळीकुट्ट? मी ऑइलपेंट आणला. लाल होडी, पिवळा पट्टा, टोकाला निळं. रंग असा चमकला की निम्मा कोळीवाडा बघायला आला. धाकू रात्री उशिरा आला आणि सरळ झोपला.

रविवारी उजाडताच तो कॅमेरा घेऊन बाहेर आला आणि पायरीवरच बसला.

"हे काय केलंस?"

"रंगवली. शिमग्याला रंगवतात त्याच्यापेक्षा भारी."

"दादूस, होडीने झाड खाल्लं."

त्यात आमची आवडाबाय काकी. पोपटी लुगडं नेसून, नथ घालून होडीत जाऊन बसलेली. "मना पण घे रं फोटूत."

"काकी, होडी लाल, तू पोपटी, मग झाड कोण बघणार?"

"झाड कनाला बघायचं? झाड रोजच आहे."

काकीला खाली उतरवली. होडी हलवू म्हटलं तर ओहोटी, होडी चिखलात रुतून बसलेली. भरती येईपर्यंत थांबावं तर ऊन डोक्यावर जाणार, आणि वारा सुटला की पानं खाली. तशी दोन-चार पानं येऊन माझ्या ओल्या रंगाला चिकटलीच होती. रोलात फोटू एकच उरलेला. उद्या सोमवार.

धाकू ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. पण तो नुसता झाडाकडे बघत बसला, आणि त्याचं तोंड लहानपणी ताप आल्यावर व्हायचं तसं झालं. ते मला बघवेना.

मी लुंगी खोचली, चिखलात उतरलो, दोन्ही हातांनी खाडीचा चिखल उचलला आणि माझ्या नव्याकोऱ्या होडीवर थापला. थप्. पुन्हा थप्. काठावर सगळे बघत उभे.

"दामाजी, रात्रीची उतरली नाय का रं?" काकीने विचारलं.

"काकी, बोलू नकोस, थाप."

आणि ती उतरली की. पोपटी लुगड्याचा काष्टा आवळून अशी थापायला लागली जशी भिंतीवर गोवऱ्या थापते. मग धाकूपण आला. आम्ही तिघं चिखलात, हसून हसून पोट दुखायला लागलं. माझ्या तोंडात चिखल, काकीच्या नथेला चिखल. काकी म्हणाली, "अरं, लग्नात एवढी हळद नव्हती लागली मना." पिवळा पट्टा गेला, निळं टोक गेलं, होडी राखाडी झाली, चिखलातनंच उगवल्यासारखी. ऊन वर आलं तसा चिखल वाळून फिकट पडला.

मग धाकूने हात धुतले. कॅमेरा एकदा इकडे नेला, एकदा तिकडे, मग ते निळं प्लास्टिक आणि पिवळी चादर बाहेर राहील असा गुडघ्यावर बसला. सगळं राखाडी, शांत, आणि वर ते एकटं लाल झाड. वाऱ्याने एक पान सुटलं आणि होडीच्या काठावर जाऊन पडलं. खट्. फोटू झाला.

नौपाड्यात तेव्हा रंगीत फोटो धुवायचं नवीन मशीन आलेलं. दुपारी मोठा फोटू हातात, संध्याकाळी आम्ही दोघं डोंबिवलीला. पंढरीशेठने फोटू लांब धरला, जवळ धरला, भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी धरला.

"रंग आहे आणि डोळ्याला आरामपण आहे," शेठ म्हणाला. "हाच आल्बमात पहिला लावतो. आता दरवर्षीचं चित्र तूच बघ." मग चष्मा वर केला. "होडी कुणाची?"

"माझी," मी छाती काढून म्हणालो.

"फार जुनी दिसते."

काय सांगू तुम्हाला. ऑइलपेंट, पिवळा पट्टा, सगळं ओठांवर आलं. धाकू माझ्याकडे बघत होता.

"हो शेठ," मी म्हणालो, "जुनीच आहे."

बाहेर आल्यावर धाकूने मला रस्त्यात मिठी मारली, आणि येताना आम्ही कोपरीभर सांगत सांगत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत काठावर गेलो तर समोर शेजारचे परशुराम, काळुराम आणि त्यांच्या मागे अख्खा कोळीवाडा, गुडघाभर चिखलात. एकूणएक होडी वरपासून खालपर्यंत चिखलाने माखून बदामाखाली रांगेत लावलेली. परशुरामने कोपराने तोंड पुसलं आणि विचारलं, "दामाजी, धाकू उठला का?"