पऱ्हाट्यांचं वजन

माझं उजवं मनगट आजही पूर्ण वळत नाही. शेलूबाजारजवळच्या एका गावात, चुलीपुढे ते मोडलं, आणि त्याला कारण मीच होते.

घराघरांतून किती धूर, किती कर्बवायू हवेत जातो हे मोजायचं काम मी तेव्हा करत होते. कारंज्याहून सकाळच्या एसटीनं जायचं, विजेचं बिल बघायचं, सिलेंडर किती दिवस पुरतं ते विचारायचं आणि चुलीत जाणारं सरपण ताणकाट्याला टांगून तोलायचं. एका घरी सलग तीन दिवस. मग धूर कमी करायला त्या घराला काय जमेल ते सुचवायचं.

त्या घरी नवरा-बायको दोघंच. तो प्रवासी गाडी चालवायचा. कागदावर सिलेंडर नियमित येत होतं, पण अंगणातला पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग रोज भराभर उतरत होता. तिसऱ्या दिवशी मी तिला कारण विचारलं. ती कणीक तिंबत होती.

"सिलेंडर त्यायच्या गाडीले लागते," ती म्हणाली. "लिहू नका पन, ताई."

घरगुती गॅस गाडीत भरणं गुन्हा होता. मी हो म्हणून मान हलवली आणि लिहिलं. आकडे जुळायला हवे होते.

दुपारी तो जेवायला आला. माझी नोंदींची वही उघडीच होती. त्यानं ती उचलली, वाचली, खाली ठेवली. मग बायकोचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. चुलीत बाभळीचं एक जाड लाकूड जळत होतं, ते ओढून तिच्या पाठीवर हाणलं. लुगड्याचा आणि कातडीचा वास सुटला. मी त्याचा हात धरायला गेले, तर तेच लाकूड माझ्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

तो पुन्हा तिच्याकडे वळला, तेव्हा तिच्या हातात लोखंडी फुंकणी होती. तिनं ती आधी त्याच्या खांद्यावर मारली, मग तोंडावर. तो दात थुंकत खाली बसला, तरी ती मारतच राहिली. तिला थांबवावं असं मला वाटलं नाही. शेजारच्या बायांनी तिला ओढून बाजूला केलं.

दवाखान्यात आमच्या खाटा जवळजवळ होत्या. मी माफी मागितली.

"तुमी मान हलवली होती," ती एवढंच बोलली आणि तोंड फिरवलं.

ऑफिसनं ते घर यादीतून वगळायला सांगितलं. मी वगळलं. तेव्हापासून पुरुष घरात असताना मी गॅसचं विचारत नाही, आणि बाई नको म्हणाली तर रकाना कोरा सोडते.

ती आता वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावला बहिणीजवळ राहते, डबे करून देते, गॅसवर. नवऱ्यावरची केस अजून चालू आहे. तारखेला मी साक्षीसाठी वाशीमच्या कोर्टात जाते. ती तिथं असते. माझ्या शेजारी बसत नाही.