रोवीनाच्या हाताचं पिस्तूल

क्लिंगरांच्या घरात थँक्सगिव्हिंगला देवाचे आभार जेवणाआधी मानतात आणि भांडी कोण घासणार हे जेवणानंतर पिस्तुलानं ठरवतात. नियम माझ्या दिवंगत सासूचा, एल्माचा. संसाराची पहिली काही वर्षं टर्कीचं तुपकट भगुणं एकटीनं खरवडल्यावर एका सणाला तिनं हात पुसले आणि जाहीर केलं: यापुढे कोठारामागे रिकामे डबे मांडायचे, प्रत्येकानं सहा गोळ्या झाडायच्या, ज्याचे डबे सगळ्यात कमी पडतील त्यानं भांडी घासायची. एकट्यानं. जो मदत करायला जाईल, पुढच्या वर्षीची भांडी त्याची. बाई हुशार. तिचा नवरा ऑगी, म्हणजे आम्हा सगळ्यांचा पॅप, आणि मुलगा डेल, दोघांनाही तिनं सिंकपाशी उभं केलं.

मग डेलचं लग्न झालं, रोवीना या घरात आली, आणि तेव्हापासून भांडी रोवीनाची.

मी इथला जावई, धाकट्या ट्रूडीचा नवरा. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण मी पडलो प्लंबर. त्यामुळे सासुरवाडीत या ग्रहाची वाट पाहिली जाते. त्या सिंकखाली मी अनेकदा आडवा झालोय, आणि भर नोव्हेंबरात समोरची खिडकी उघडी ठेवून भांडी घासणारी रोवीना मी दरवर्षी पाहिलीय. डोंगरातला वारा आत यायचा, तिचं नाक लाल व्हायचं. सगळे म्हणायचे, तिला उकडतं.

रोवीना गावात कपडे दुरुस्त करते. पँट्स आखूड करणं, लग्नाचे झगे सैल करणं, शिकारीच्या कोटांची फाटकी अस्तरं बदलणं. उंच, किडकिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात, तोंडात टाचण्या. टाचण्या असल्यामुळे ती फारशी बोलत नाही, असं आम्ही समजायचो. पण बिघडलेली चेन नुसती बदलून ती कधी गप्प बसत नाही. जुनी चेन उकलून, दाते मोजून, ती का बिघडली हे शोधून काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

आणि ती डावखुरी. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. जेवताना तिचं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत बसतं, म्हणून तिला नेहमी टेबलाच्या टोकाला बसवतात. पण त्यापुढे कुणी विचार केला नव्हता.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी तिच्या दुकानातला नळ दुरुस्त करत होतो. एवढ्यात ती माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली. हातात नवी कात्री.

"बाहेर ये जरा. हे बघ."

"अगं, पाणी बंद केलंय मी. काय झालं?"

"ही डावऱ्यांची कात्री आहे. आज आली." तिनं कापडावर खडूची रेघ ओढली आणि रेघेवरून सरळ कापत गेली. "रेघ दिसते! नेहमीच्या कात्रीचं पातं माझ्या हातात रेघेवरच येतं. जन्मभर मी अंदाजानं कापत आले."

मी म्हटलं, "मग बरंच झालं की."

ती तशीच उभी. कात्री नुसती उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "कात्रीला हात असतो, तर पिस्तुलाला नसेल?"

तेव्हा मला पहिल्या वर्षीची गोष्ट कळली. मी तेव्हा या घरात नव्हतो. नव्या सुनेनं घरचं पिस्तूल साहजिकच डाव्या हातात घेतलं. पॉइंट टू-टू बोअरचं जुनं पिस्तूल, रिकामी पुंगळी उजवीकडून वर उडवणारं. पहिल्याच गोळीला तापलेली पुंगळी उडाली ती थेट तिच्या गळ्यातून झग्यात. ती किंचाळून गर्रकन वळली, पिस्तूल हातात, आणि समोर सगळं सासर. पॅपनं झटकन तिचं मनगट धरून नळी जमिनीकडे केली, पिस्तूल काढून घेतलं आणि तिच्या उजव्या हातात दिलं. "या हातात धर, पोरी. खटका या अंगठ्यासाठी आहे." बोलणं रागाचं नव्हतं. पण नव्या सुनेला सासऱ्याचा शब्द म्हणजे शब्द. ती कायम उजव्या हातानं झाडत राहिली, आणि डबे कायम उभे राहिले.

संध्याकाळी तिनं डेलकडे विषय काढला. डेल दगडखाणीत काम करतो, मनानं लोण्यासारखा, पण जिभेला हाड नाही. "डावं पिस्तूल? उद्या डावी बादली मागशील! नाचता येईना, अंगण वाकडं." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेपर्यंत हसला.

पुढच्या शनिवारी रोवीना मला म्हणाली, "तू चल. तू पण हसशील, पण निदान हळू हसशील."

गाडीत मी विचारलं, "एवढा काय त्रास आहे गं भांड्यांचा? वर्षातून एकदा तर घासायची."

"भांड्यांचं कुणाला पडलंय?" ती एकदम तडकली. "तुम्ही सगळे मागच्या व्हरांड्यात बसता ना? पॅप गोष्टी सांगतात ना? मी एक तरी ऐकलीय का?"

खरंच की. पॅप एरवी अबोल. वर्षातून त्या एका संध्याकाळी, पोटात भोपळ्याचा 'पाय' हा गोड पदार्थ गेला की, त्यांची जीभ सुटते. त्यांच्या गोष्टींच्या शेवटच्या ओळी आमच्या घरात म्हणींसारख्या चालतात. कुणाची चूक कुणाच्या गळ्यात पडली की आम्ही म्हणतो, "बोकड पाद्रीबाबांचा होता!" आणि सगळे लोळतात.

"मी पण हसते," रोवीना म्हणाली. "सगळ्यांबरोबर. पण कुठला बोकड? कुठला पाद्री? इतक्या वर्षांनी विचारायचं कुठल्या तोंडानं? डेलला विचारलं, तर तो बोकडापर्यंत पोचायच्या आधीच हसून बेजार." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पॅप एक्क्याण्णव वर्षांचे झाले. वसंतात ते तुमच्याकडे राहायला येणार, घर विकणार. हा शेवटचा व्हरांडा. मला एकदा तिथं बसायचंय."

मी हळूसुद्धा हसलो नाही.

दुकान बर्निस नावाच्या बाईचं. पुढे पिस्तुलांची काचेची कपाटं, मागे भाड्यानं पिस्तूल घेऊन झाडून बघायची लांबलचक खोली. रोवीनानं आल्याआल्या सांगितलं, "मला डबे पाडायचेत, माणसं नाहीत. आणि मी डावखुरी आहे."

"हातानं की डोळ्यानं?" बर्निसनं विचारलं.

"डोळा कसा डावखुरा असेल?"

बर्निसनं तिला दोन्ही तळव्यांमध्ये छोटं भोक करायला लावलं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एक डोळा मिटायचा. रोवीनानं डावा मिटला तर घड्याळ गायब. उजवा मिटला तर घड्याळ जागच्या जागी. तिनं ते पुन्हापुन्हा करून पाहिलं. मग मला करायला लावलं. मग दारातून आलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकालाही. दुकानात पिस्तूल विकत घ्यायला आलोय हे ती विसरूनच गेली.

"म्हणजे मी उजव्या हातात धरून डाव्या डोळ्यानं बघत होते?"

"कदाचित. नाहीतर नेम धरणारा डोळा मिटून घेत होतीस."

यावर रोवीना काचेवर कोपर टेकून नुसती "हं" म्हणाली. तो "हं" बराच लांब होता.

मग एकेक पिस्तूल सुरू झालं. पहिलं अगदी नवं, खटके दोन्ही बाजूंना. डाव्या अंगठ्याला सगळं सापडत होतं. पण वरचा भाग मागे ओढायला जोर लागायचा आणि शिवून शिवून तिच्या अंगठ्यांची मुळं दुखरी झालेली. शिवाय पुंगळी उडायची ती दूर जायची, तरी प्रत्येक गोळीआधी रोवीनाचे डोळे आपोआप मिटायचे. झग्यातला तो चटका अंग विसरलं नव्हतं.

"पुंगळी न उडवणारं काही आहे?" तिनं विचारलं.

बर्निसनं रिव्हॉल्व्हर काढलं. त्यात पुंगळ्या आतच राहतात. पण त्याचं फिरतं नळकांडं डावीकडे उघडतं आणि उघडायची कळ उजव्या अंगठ्याखाली. रोवीना ते या हातातून त्या हातात घेत बसली. मी म्हटलं, "चालेल की, सवय होईल." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जाऊन काडतुसांच्या पेट्या वाचू लागलो.

"सवयच करत आलेय मी," ती म्हणाली.

शेवटी तिनं कपाटाच्या खालच्या फळीवर बोट ठेवलं. जुन्या घोडेस्वारांच्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं, साधी लाकडी मूठ. "ते कसं चालतं?"

यात नळकांडं बाहेर येत नाही. उजव्या बाजूला एक छोटी झडप असते, ती उघडून एकेक काडतूस भरायचं, रिकामी पुंगळीही तिथूनच काढायची. प्रत्येक गोळीला मागचा घोडा अंगठ्यानं ओढायचा, मग चाप दाबायचा. उजव्या माणसाला भरताना ते डाव्या हातात घ्यावं लागतं. रोवीनानं ते डाव्या हातात धरलं, उजव्या हातानं झडप उघडली, काडतुसं भरली, झडप लावली. पिस्तूल हातातून हललंच नाही.

ती थबकली. झडप पुन्हा उघडली, पुन्हा लावली. "हे बनवणारा डावखुरा होता का हो?"

"कुणी म्हणतं होता," बर्निस म्हणाली. "कुणी म्हणतं, घोड्यावरच्या माणसासाठी केलं. दुकानात येणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो."

"म्हणजे उजवी माणसं इतकी वर्षं हात बदलत बसली, आणि त्यांना कळलंही नाही?" रोवीनाला इतकं हसू आलं, की तिनं पिस्तूल नीट काचेवर ठेवलं आणि मग हसली. मागच्या खोलीत कागदावरच्या तिच्या पहिल्या सहा गोळ्या बशीएवढ्या जागेत पडल्या. तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर ती दर शनिवारी तिथं जायची आणि येताना मुद्दाम दळण-किराण्याच्या पिशव्या घेऊन यायची. डेलला वाटलं, सणाची तयारी.

थँक्सगिव्हिंगला आभाळ राखाडी होतं. जेवणं झाली, कोठारामागे मातीच्या बांधाला लागून फळीवर डबे मांडले. ट्रूडीनं पाच पाडले, मी तीन. डेलनं दोन, आणि वाऱ्याला दोष दिला. मग रोवीनानं पर्स उघडून ते लाकडी मुठीचं पिस्तूल काढलं.

"अगं, हे काय?" डेल.

"अंगण सरळ करून आणलंय."

घरचंच पिस्तूल वापरावं असा नियम कधीच नव्हता. कुणाला दुसरं आणायची गरज पडली नव्हती, एवढंच. सगळे तिच्या मागे सरकले. ती सावकाश घोडा ओढायची, श्वास सोडायची, चाप दाबायची. एक डबा. दुसरा. तिसऱ्याला चुकली. मग आणखी दोन, आणि शेवटची गोळी बांधात. डेलनं टोपी काढली आणि काढलेलीच ठेवली. मला बायकोसमोर रडू आलं असतं, म्हणून मी डबे उचलायला गेलो.

राहिले पॅप. ते नेहमी शेवटी झाडतात आणि मी पाहतोय तेव्हापासून कधीच शेवटचे आले नव्हते. पण यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचे ढग उतरले होते. सहा गोळ्या झाल्या आणि एकच डबा पडला, तोही कडेचा.

"पॅप, यंदाचं धरायचं नाही," डेल म्हणाला. "भांडी मी घासतो."

"एल्माचा नियम आहे," पॅप म्हणाले. "तू कोण बदलणार?" आणि बाह्या सारत आत गेले.

आम्ही व्हरांड्यात बसलो. रोवीनाला मधली खुर्ची दिली, मांडीवर गोधडी दिली, भोपळ्याच्या 'पाय'चा सगळ्यात मोठा तुकडा दिला. आणि गोष्टी सांगणारा माणूस सिंकपाशी उभा. डेलनं बोकड सुरू करून पाहिला, पण तो पहिल्या वाक्यालाच हसू लागला. रोवीनानं तुकडा तसाच ठेवला. आतून भगुण्याचा आवाज येत होता. ती उठली.

"आत जाऊ नकोस," ट्रूडी ओरडली. "पुढच्या वर्षी तुझ्यावर येईल!"

"मदत केली तर," रोवीना म्हणाली.

माझ्या हातात खरकट्या बशा होत्या, त्या मी दारात न्यायला गेलो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. तिनं स्टूल ओढलं, सिंकशेजारी बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बाहेर जा, पोरी. एवढं जिंकलीस, मजा कर."

"इथंच बरं आहे."

पॅपनं मान डोलावली. "एल्मा म्हणायचीच. ही पोरगी मुद्दाम चुकते. आपला कल्ला सोसत नाही तिला, इथं शांत वाटतं. म्हणून कधी तुला हाक मारली नाही."

रोवीनानं हात लांब करून सिंकपुढची खिडकी उघडली. व्हरांड्यातलं आमचं बोलणं आत आलं. शब्द कळत नव्हते, नुसता गलबला.

"पॅप, मी ही दरवर्षी उघडायचे. तुमच्या गोष्टी ऐकू येतील म्हणून. फक्त हसणं यायचं."

पॅपचे हात पाण्यातच थांबले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ओल्या हातानंच त्यांनी खिडकी लावली.

"कुठली सांगू?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. पण आधी मला सांगा, तो बोकड पाद्रीबाबांकडे पोचलाच कसा?"

भांडी जवळजवळ संपली होती. पॅपनं शेजारचा ढीग चाचपला, घासून पुसून ठेवलेली वरची ताटली उचलली आणि पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवली.