रविवारची अगरबत्ती

सायली गावाकडे कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हा मी सिल्वासाच्या शाळेत मास्तर होतो. तिथल्या आमली भागातल्या आमच्या घरमालकीणबाईंना सगळे नुसतं 'बा' म्हणत. बा गुजराती वैष्णव, कांदालसूणही घरात न आणणाऱ्या. प्रश्न विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायच्या. आम्ही राहायला आलो तेव्हा टेम्पोतून आधी देव्हारा उतरला. तो बघून म्हणाल्या, "घरमां देव आहे, एटले मांस-मच्छी नाय. बराबर ने?" आम्ही कोकणातले, आमच्याकडे देवही असतात आणि बोंबीलही. पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत बा जिना चढून गेल्या होत्या.

मग दर रविवारी खिडक्या लावून आम्ही दमणचे बोंबील तळायचो. नेमक्या तेव्हाच बा जिन्यात अगरबत्त्यांचा एवढा धूर करत, की रस्त्यावरचा माणूस हात जोडून पुढे जाई. शेजारणींना ठणकावून सांगत, "मास्तर आपल्यासारखेच, चोखे शाकाहारी!" भोळी बाई, म्हणून आम्ही गालातल्या गालात हसायचो.

श्रावण लागला आणि आमचे मासे बंद झाले. बांकडे उपास, भजनं सगळं जोरात होतं. पण रविवारी जिन्यात अगरबत्ती मात्र नव्हती. हे आम्हाला नंतर आठवलं.

गणपती गेले. पुढच्या रविवारी दार वाजलं. बा अगरबत्तीचा पुडा आणि काडेपेटी घेऊन उभ्या होत्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाल्या, "मास्तर, आजे लावूं के नाय?"

आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबल्या.