लींच्या दारावरची लाल पाटी

“खिळा सगळ्या दारांत सारखाच शिरतो,” असं गुड्रून त्वेट एकदा म्हणाली होती.

मिनेसोटातल्या त्या नॉर्वेजियन गावात घटसर्प निघेल त्या दारावर लाल पाटी ठोकायची, हे तिचं काम. पाटी लागली की आतल्यांनी बाहेर यायचं नाही, बाहेरच्यांनी आत जायचं नाही.

साथीचं खापर गावाने फिनलंडच्या आयली धोबिणीवर फोडलं. तिच्या दारावर पाटी गुड्रूननेच ठोकली होती. आयलीचा मुलगा एरो गेला; त्याला बापाने एकट्याने पुरलं, तेव्हा कुंपणापलीकडून कुणी ओरडलं, “आणा अजून घाण बोटी भरभरून!”

गुड्रून दारोदार एकच विचारत सुटली: आजारी पडलेलं पोर शाळेत पाणी कुणामागून प्यायचं? बादली एक, पत्र्याचं ओगराळं एक. सगळी बोटं एकाच पोरीकडे वळली. लोण्याच्या कारखान्याचे मालक आणि नगराध्यक्ष ओस्मुंड ली, त्यांची लेक सोल्वाई. एरोच्या आधी घसा तिचा धरला होता. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी. मोठ्या घराला पाटी कोण लावणार?

सोल्वाईचा ताप उतरला, ती खेळू लागली, आणि एका सकाळी हृदयच थांबलं. घटसर्प असा मागाहूनही नेतो.

गुड्रून पोचली तेव्हा लींच्या बैठकीत कॉफी, केक, उघडी शवपेटी. रिवाजाप्रमाणे वर्गातली मुलं पेटीभोवती गायला उभी होती. आईच्या कडेवरचा सोल्वाईचा धाकटा भाऊ घोगरं खोकत होता.

“मुलांना बाहेर काढा,” गुड्रून म्हणाली.

“गुड्रूनबाई, माझी पोर निजलीय तिथं,” ली म्हणाले. “आज तरी लाज बाळगा.”

“एरो निजला तेव्हा तुमची लाज कुठं चरायला गेली होती?”

“त्या फिनांशी माझ्या लेकीची बरोबरी?”

“बरोबरी ओगराळ्याने केली, साहेब. तुमच्या लेकीमागून एरो प्यायला. आता हा धाकटा खोकतोय, ऐका.”

“नगरपालिकेची हातोडी आहे ती. ठेवा खाली. काम संपलं तुमचं.”

गुड्रून दाराकडे वळली. तीन घाव. पाटी बसली. मागे कुजबुज उठली: “बाई आहे की हडळ!”

सोल्वाईची आई मात्र कडेवरच्या पोराचा श्वास ऐकत राहिली. मग तिने मुलांकडे पाहिलं, पुढे झाली आणि एका हाताने पेटीचं झाकण लावलं.

“घरी जा रे,” ती म्हणाली. “कशाला हात लावू नका.”

ली भिंतीला टेकले. गुड्रूनकडे बोलायला आणखी पुष्कळ होतं, महिनाभर धार लावून ठेवलेलं. ते तिच्या दातांत अडकलं. तिने आत येऊन केकच्या ताटाशेजारी हातोडी ठेवली आणि ती निघून गेली.