पाणी आत गेलं असेल

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, फक्त हे नाही. आज तुला सांगतोय, मित्रा — मध्येच उठून जाऊ नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल.

चाकणला आमच्या छोट्या कंपनीत एक जुनाट कॉम्प्युटर होता. गाड्यांचे सुटे भाग तपासणारं मशीन त्याच्यावरच चालायचं. नव्या कॉम्प्युटरशी त्याचं जमतच नव्हतं. मशीन सांभाळायचे सोपानकाका, खेडचे. तपासणीचे सगळे प्रोग्रॅम त्यांनीच वर्षानुवर्षं खपून बसवलेले. आणि मी? कॉम्प्युटरवाला.

आतली हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. जुन्या बाजारातून त्याच जातीची दुसरी, कोरी मिळाली. ती आत बसवायची आणि जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं, एवढंच काम. पण मशीन मोकळं कधी मिळणार? खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं चालवत नाहीत, पुजतात.

सकाळी काकांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडून पाणी शिंपडलं. थोडं कॉम्प्युटरच्या डब्यावर सांडलं, ते मी फडक्यानं पुसलं. आत थेंबही गेला नव्हता. हे नीट ऐक — थेंबही नाही. झाकण मीच उघडलं; आत कोरडं ठणठणीत होतं.

दोन डिस्क एका केबलवर लावल्या, की पहिली कुठली आणि दुसरी कुठली हे एका बारीक टोपीवर ठरतं. जंपर म्हणतात तिला. माझ्या सोयीसाठी मी नवीला पहिली केलं, जुनीला दुसरी. बाहेर पेढे वाटत होते, मला हाका येत होत्या... स्क्रीननं विचारलं, पहिलीवरचं दुसरीवर उतरवू? मी हो म्हणालो.

कळलं ना? कोरी डिस्क मी भरलेल्या डिस्कवर उतरवली. स्क्रीनवरची पट्टी सरकत असतानाच ते माझ्या ध्यानात आलं — पण तोवर काय वाचणार होतं?

मालक आले. "काय झालं रे?"

मी हाराकडे पाहिलं. "पाणी आत गेलं असेल, साहेब."

'गेलं' नव्हे, 'गेलं असेल'. त्या 'असेल'च्या आड मी आजवर लपलोय. भित्र्या माणसाला व्याकरण किती छान जमतं, नाही?

काका प्रसादाचं ताट घेऊन तिथंच उभे होते. मालकांनी सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते ऐकवलं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून स्क्रू गोळा करत बसलो. मालक त्यांना काढूनच टाकणार होते. तेव्हा मात्र मी पुढे झालो, म्हातारपणाचा हवाला दिला, रदबदली केली. आग मी लावली आणि बादली घेऊनही मीच धावलो. काकांच्या हातून मशीन गेलं. त्यांना पॅकिंगला बसवलं.

पुढच्या खंडेनवमीला कुणीतरी त्यांच्या हाती नारळ दिला. त्यांनी तो परत केला. म्हणाले, "न्हाई बाबा, माझा हात वंगाळ हाय."

 मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा नोकरी मोठी वाटली.

काका पॅकिंगमधूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी गर्दीतून मला शोधून काढलं, माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते त्यांचे. "आरं, तू मधी पडला म्हणून माझी भाकरी ऱ्हायली. म्या इसरनार न्हाई."

आणि मी — मी म्हणालो, "त्यात काय एवढं, काका."